मोकळ्या पत्र्याचं काय करायचं?

मंडळी, टेबलावर रंगवलेल्या दोन छोट्या प्रतिकृती ठेवल्या आहेत. एक आहे सैनिक, अंगठ्याच्या पेराएवढा. त्याच्या शेजारी आहे बेनब्लेड. नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीनं १९८७ साली ‘वॉरहॅमर ४०,०००’ हा खेळ आणला, त्यातला हा अतिजड रणगाडा. पूर्वी तो रेझिनमध्ये मिळायचा, प्लास्टिकचा संच २००७ साली आला. त्याला तोफा-बंदुकांच्या ११ नळ्या आहेत. पण आज मी नळ्यांवर बोलणार नाही. नळ्यांच्या मागे जो मोकळा पत्रा आहे ना, मला त्याच्यावर बोलायचं आहे.

सैनिक रंगवताना कडा आपल्याला सांभाळून घेतात. पट्टा, बूट, चेहऱ्याच्या रेघा असं सगळं जवळजवळ असतं. वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग, टाकला की तो आपसूक खाचांत उतरतो, वरून कोरडा ब्रश फिरवला की उठाव दिसतो. हे हाताला बसलेला माणूस मोठा रणगाडा घेतो, तसाच वॉश ओततो आणि दुसऱ्या दिवशी पाहतो तर पत्र्यावर चहाच्या कपाच्या तळासारखे डाग. सपाट जागेवर वॉशला जायला खाच नसते. तो मध्येच थांबतो आणि कडेनं वाळतो. यात त्या माणसाचं कसब कमी पडलेलं नसतं. सैनिकाची रीत गाडीला चालत नाही, एवढंच.

मग काय करायचं? आधी ही गाडी कशी बनली आहे ते बघा. चाकांभोवती फिरणाऱ्या, बाहेर दिसणाऱ्या रुंद पट्ट्या, कुशीला बसवलेल्या तोफा, रिव्हेट ठोकलेले पत्रे, ही ठेवण पहिल्या महायुद्धातल्या ब्रिटिश रणगाड्यांची आहे. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत रणगाडे पहिल्यांदा उतरले. त्यांचा मूळ नमुना लिंकनमधल्या कारखान्यात तयार झाला होता, आणि लिंकन नॉटिंगहॅमपासून फार लांब नाही. चौकटीवर एकेक पत्रा रिव्हेटनं जोडत ती गाडी उभी राहायची. रंगवणाऱ्यासाठी यातली कामाची गोष्ट अशी की इथे प्रत्येक पत्रा स्वतंत्र आहे. म्हणून रंगही अख्ख्या गाडीचा एक असा धरू नका, पत्र्यापत्र्याचा धरा.

माझी पद्धत सांगतो. पट्ट्या, टरेट म्हणजे वरचा फिरता बुरूज, आणि बाजूच्या तोफा मी चिकटवत नाही, वेगळ्या रंगवतो. काळा प्रायमर, म्हणजे रंग धरून ठेवणारा पहिला थर, देतो आणि त्यावर फक्त वरून, माध्यान्हीच्या उन्हासारखा, पांढरा फवारा. मग एअरब्रशनं, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारणाऱ्या छोट्या साधनानं, हिरवा. ०.३ मिलिमीटरची सुई, दाब १५ ते २० पीएसआय, रंग दुधाइतका पातळ. हिरव्यात थोडा पिवळसर रंग मिसळून प्रत्येक पत्र्याची वरची बाजू उजळायची, खालची तशीच गडद सोडायची. शेजारच्या पत्र्याला हात लावताना पहिला कागदानं झाकून घ्यायचा. आता जिथे उजळ कड गडद कडेला भिडते, तिथे रेघ न ओढताच रेघ दिसते. एअरब्रश नसेल तर स्पंजानं तीनचार पातळ थर थापा. वेळ लागतो, पण फरक नक्की पडतो.

यानंतर तेलरंग, माझा सगळ्यात आवडता टप्पा. साध्या ट्यूबमधला पांढरा, पिवळी माती, निळा आणि तपकिरी रंग पुठ्ठ्यावर काढून दोनेक तास ठेवायचे. जास्तीचं तेल पुठ्ठा पितो आणि रंग मॅट वाळतो. मग पत्र्यावर या रंगांचे टाचणीच्या डोक्याएवढे ठिपके द्यायचे, आणि तेलरंग पातळ करणाऱ्या व्हाइट स्पिरिटमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा केलेला चपटा ब्रश वरून खाली ओढत राहायचा. ठिपके विरतात. मागे उरतं ते हिरव्यातलं किंचित निळं, किंचित मातकट हेलकावणं. लांबून पाहणाऱ्याला ठिपका एकही सापडत नाही, पण पत्रा जिवंत वाटतो. खालचा ॲक्रिलिक रंग पुरता वाळलेला असेल तर स्पिरिट त्याला धक्का लावत नाही. म्हणून एक रात्र थांबाच.

आता झीज. इथे मात्र माझं ठाम मत आहे: कारण नसेल तर एकही ओरखडा काढू नका. पुष्कळ जण स्पंज घेऊन सगळीकडे टिपके मारतात. टरेटच्या मधोमध गंज कुठून येणार? तिथे कोण पाय ठेवतं? रणगाडा पाहायचा असेल तर अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात जा. १९६५ च्या युद्धात हाती आलेला पाकिस्तानचा पॅटन रणगाडा तिथे आहे. माणूस कुठे पाय देऊन चढेल, हॅच, म्हणजे वरचं झाकण, उघडताना हात कुठे घासेल, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. पण संग्रहालयातली गाडी पुन्हा रंगवलेली असते, झीज तिथे दिसायची नाही. झिजेसाठी रस्त्याचं काम चालू असेल तिथे पोकलेन बघा. बकेटचे दात चांदीसारखे लखलखतात, कारण माती त्यांना रोज घासते. गंज आहे तो बकेटच्या पाठीवर, घासणं पोचत नाही तिथे. साखळीची जमिनीला टेकणारी बाजू चकचकीत, आतली मातीनं भरलेली. पायरीवरचा रंग मधोमध गेलेला, कोपऱ्यांत शाबूत. हे एकदा डोळ्यांत बसलं की ब्रश चुकीच्या जागी जात नाही.

त्या जागांसाठी हेअरस्प्रेची युक्ती वापरतो, पण ती सुरुवातीलाच योजावी लागते. आधी गंजाचा तपकिरी रंग, त्यावर हेअरस्प्रेचे दोन थर, त्यावर हिरवा. हिरवा वाळल्यावर लवकरच कोमट पाण्यानं ओला करून राठ ब्रशनं घासायचा. हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो आणि वरचा हिरवा पापुद्र्यासारखा सुटतो, अगदी खऱ्या रंगासारखा.

शेवटी वार्निश, कारण ही गाडी कपाटात ठेवायची नाही, खेळायची आहे. आधी ग्लॉस, तो हाताळणं सोसतो, त्यावर मॅट. पावसाळ्यात जपा. एका जुलैत मी दमट हवेत मॅट फवारला आणि दोन महिन्यांचं काम डोळ्यांदेखत पांढुरकं झालं. वरून ब्रशनं ग्लॉसचा थर दिल्यावर बरंचसं परत आलं, टरेटचं मागचं अंग मात्र पुन्हा रंगवावं लागलं. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी ब्रशनंच वार्निश लावतो.

हा रणगाडा आता तुमच्यात फिरवतो. उचलताना खालून धरा, टरेट नुसताच बसवलेला आहे. आणि खिडकीपाशी नेऊन डाव्या बाजूचा मधला पत्रा तिरका धरून बघा. निळा तिथे आहे.