एमएच १५ आणि ६१७४

(शाळेच्या फाटकाबाहेर लावलेल्या दुचाक्या. कॅमेरा एका नंबरप्लेटवर.)

नाशिकची गाडी म्हणजे एमएच १५. पण वही घेऊन उकिडव्या बसलेल्या या पाचवीच्या पोरांना हवेत शेवटचे चार आकडे.

३५२४. याच अंकांची मोठ्यात मोठी संख्या ५४३२, लहानात लहान २३४५. वजाबाकी, ३०८७. आता याच्यावर तोच प्रयोग. ८७३० वजा ०३७८, ८३५२. पुन्हा, ८५३२ वजा २३५८... ६१७४. आणखी एकदा करा बरं. ७६४१ वजा १४६७. परत ६१७४! गाडी इथून पुढे हलत नाही.

चारही आकडे सारखे नसले की झालं, कुठलीही प्लेट जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत इथेच येते. ११११ मात्र चालत नाही. हौसेने पैसे मोजून घेतलेला नंबर, आणि इथे त्याची किंमत शून्य.

(वहीचं पान, जवळून.)

"बाई, माझंही शून्यच आलं!" हिची प्लेट २१११. वजा १११२, उरले ९९९. मग ९९९ वजा ९९९, संपलं. बाई काही बोलत नाहीत, फक्त ९९९च्या डावीकडे बोट टेकवतात. पोरगी बघत राहते. मग हळूच तिथे एक शून्य मांडते. ०९९९. म्हणजे ९९९० वजा ०९९९, ८९९१. पुढे ८०८२, ८५३२, आणि पाचव्या वजाबाकीला ६१७४. पान खोडून खोडून फाटायला आलंय.

हे कोडं इथलंच. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा मास्तरांना निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली होती.

त्यांचं दुसरं कोडं मला जास्त आवडतं. संख्येत तिचेच अंक मिळवायचे. २१ अधिक २ अधिक १, झाले २४. म्हणजे २४ची जन्मदाती २१. पण २०ची कोण? कुणीच नाही! अशा संख्यांना ते स्वयंभू म्हणत. त्यांचं दुसरं नाव, देवळाली संख्या.

(फळ्यावर: २०, ३१, ४२...)

"बाई, पुढची ५३ का?"

बाई खडू तिच्या हातात देतात. "५२पर्यंत सगळ्या करून बघ, मग सांग."