शेवटच्या टेबलावरचं पाणी

(नाशिकमध्ये दहा किलोमीटरच्या रस्त्यावरच्या शर्यतीआधी स्वयंसेवक आणि नवे धावपटू यांच्यासमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. आपल्या शर्यतीचा कटऑफ, म्हणजे शर्यत पुरी करायची मुदत, दीड तासाची आहे. दहा किलोमीटरला नव्वद मिनिटं, म्हणजे किलोमीटरला नऊ मिनिटं. हे ऐकून इथे बसलेल्या निम्म्या लोकांना हसू येईल आणि उरलेल्यांच्या पोटात गोळा येईल. मी गोळेवाल्यांपैकी. बरीच वर्षं शर्यती पळतेय आणि माझ्या मागे बहुतेक वेळा फक्त अँब्युलन्स असते. ड्रायव्हरशी ओळख झाली आहे.

आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्यपदक मिळवलं. तिला लागली तेहतीस मिनिटं आणि वर पाच सेकंद. तेवढ्या वेळात माझे चार किलोमीटरही होत नाहीत, पाच किलोमीटरवरचं वळण अजून लांबच असतं. यात मला लाजायचं काही कारण दिसत नाही. पण एक गोष्ट मात्र नीट समजून घ्या: पुढच्यांची आणि आमची शर्यत एकाच रस्त्यावर होते, तरी ती एक नसते. ऊन वेगळं, ट्रॅफिक वेगळं, पाण्याचा हिशोब वेगळा. आणि आयोजन बहुतेक ठिकाणी पुढच्यांच्या घड्याळावर बेतलेलं असतं.

आपलाच मार्ग घ्या. गंगापूर रोडने आनंदवली, पुढे सोमेश्वरच्या अंगाला जायचं आणि त्याच रस्त्याने परत. सुटायची वेळ सकाळी सहा. जानेवारीत नाशिकला सूर्य सातनंतर उगवतो. चाळीस मिनिटांत पळणारा मुलगा उजाडायच्या आत मेडल गळ्यात घालून मोकळा होतो. आम्ही जाताना गोदावरीच्या उगमाकडे, म्हणजे पायांना कळेल न कळेल अशा चढावर जातो. येताना उतार मिळतो खरा, पण तोंड पूर्वेला. शेवटचे दोन-तीन किलोमीटर सूर्य थेट डोळ्यांत. बरं, त्याच दिशेने शहरात येणाऱ्या गाडीवाल्याच्याही डोळ्यांत तोच सूर्य असतो, आणि त्याला आम्ही दिसत नाही. म्हणून मागे पळणाऱ्यांनो, राखाडी किंवा काळा टी-शर्ट घालू नका. भडक घाला, नारिंगी घाला, लोक हसले तर हसू द्यात.

हे सगळं सहाला सुटलो तर. झेंडा दाखवणारे पाहुणे अर्धा तास उशिरा आले, तर पुढच्यांचं फार बिघडत नाही. आमचा अर्धा तास मात्र थंडीतून उचलून उन्हात टाकला जातो. पाहुण्यांना बोलवा, मानाने बोलवा, पण झेंडा वेळेवर पडू द्या.

आणि ट्रॅफिक. साडेसहाला रस्त्याची एक बाजू आमच्यासाठी मोकळी असते, कोपऱ्या-कोपऱ्यावर स्वयंसेवक शिट्ट्या वाजवत असतात. सव्वासातला पुढचे सगळे येऊन गेलेले असतात आणि कोणीतरी गाड्या अडवायला ठेवलेले प्लास्टिकचे कोन हळूच उचलायला लागतं. रविवार सकाळ म्हणजे नाशिककर मिसळीला निघालेले. आख्खं कुटुंब गाडीत, पोटात भूक आणि समोर आम्ही! हॉर्न वाजणारच. (मागे पळण्याचा एक फायदाही सांगते. पुढचे जातात तेव्हा हॉटेलांची शटरं खाली असतात. आम्ही येतो तेव्हा तर्रीचा वास सुटलेला असतो. आठव्या किलोमीटरला पाय चालतात ते त्याच्यामुळे.)

आता नव्या लोकांसाठी थोडा हिशोब. सलग पळवत नाही म्हणून नाव मागे घेऊ नका. अमेरिकेचे जेफ गॅलोवे १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये दहा हजार मीटर धावलेले. पळणं आणि चालणं आलटून पालटून करायची पद्धत त्यांनीच लोकांमध्ये रुजवली. समजा चार मिनिटं पळायचं, किलोमीटरला आठ मिनिटांच्या वेगाने. झाले पाचशे मीटर. मग एक मिनिट चालायचं, ताशी पाच किलोमीटरने. झाले साधारण ऐंशी मीटर. पाच मिनिटांत पाचशे ऐंशी. याच चालीने दहा किलोमीटर शहाऐंशी मिनिटांत होतात. हातात चार मिनिटं उरली. त्यात पाणी प्या, बुटाची नाडी बांधा, सेल्फी काढा. फक्त एक अट: दम लागायची वाट न पाहता पहिल्या किलोमीटरपासूनच चाला. सातव्या किलोमीटरला दमून सुरू केलेलं चालणं परत पळण्यात बदलत नाही.

त्या चार मिनिटांना एक चोर आहे. आपल्या बिबमागच्या, म्हणजे छातीवरच्या नंबरामागच्या चिपमुळे तुमचा वेळ तुम्ही सुरुवातीची रेघ ओलांडाल तेव्हापासून मोजला जातो. पण कटऑफ बहुतेक शर्यतींत पहिल्या झेंड्यापासून मोजतात. गर्दी मोठी असली तर मागच्याला रेघेपर्यंत पोचायलाच काही मिनिटं जातात. मग पुढे घुसायचं का? अजिबात नाही. पुढे उभं राहिलात तर मागून येणारी पोरं तुमच्या डाव्या-उजव्या बाजूने वाट काढत सुटतात आणि कोणीतरी पडतं. मागेच उभे राहा. आयोजकांना माझं म्हणणं असं, की कटऑफ शेवटचा माणूस रेघ ओलांडेल तिथून मोजा. पाच-सात मिनिटांचा तर प्रश्न आहे. आणि चालायचं असेल तेव्हा हात वर करा, डावीकडे व्हा, मग चाला. मैत्रिणी-मैत्रिणी चौघीजणी हात धरून आख्खा रस्ता अडवून चालल्या, की पुढच्यांचे आपल्यावरचे सगळे आरोप खरे ठरतात.

पाण्याबद्दल जरा थांबून बोलते. पाणी कमी पडलं तर काय होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. जास्त झालं तर काय होतं, हे फार थोड्यांना. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त शर्यत संपल्यावर तपासलं, त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियम, म्हणजे मिठातला क्षार, कमी निघालं. पाणी जास्त झालं की तो पातळ होतो. हा धोका जास्त कोणाला? ज्यांचं वजन शर्यतीत उलट वाढलं त्यांना, म्हणजे पळताना भरमसाट प्यायलेल्यांना. आणि ज्यांना चार तासांच्या वर लागले त्यांना. म्हणजे आपल्याच जातकुळीतले. वेग कमी म्हणून घाम बेताचा, आणि रस्त्यावर वेळ जास्त म्हणून प्रत्येक टेबलावर थांबणं. दहा किलोमीटरला एवढं घाबरायचं कारण नाही. पण तुमच्यातले काही पुढच्या वर्षी हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर पळतील, तीन-सव्वातीन तास रस्त्यावर असतील. तहान लागेल तेव्हा प्या. टेबल दिसलं म्हणून पिऊ नका.

अर्थात टेबलावर पाणी असेल तर! एका शर्यतीत शेवटच्या टेबलावर आम्हाला फक्त चुरगळलेले कप मिळाले. कटऑफला बराच वेळ बाकी असताना फिनिशच्या कमानीतली हवा काढायला घेतली होती. आम्ही पोचलो तेव्हा कमान गुडघ्यावर आलेली, मंचावर मान्यवरांची भाषणं जोरात. त्यात खेळाचं महत्त्व सांगितलं जात होतं.

दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स नावाची शर्यत आहे, डर्बन आणि पीटरमॅरिट्झबर्गच्या दरम्यान, नव्वद किलोमीटरच्या आसपास. मुदत बारा तास. बारा तास पूर्ण होताना एक अधिकारी येणाऱ्यांकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. दोन पावलं राहिली तरी मेडल नाही. निर्दयी वाटतं ना? मला ते फार आवडतं. कारण त्या क्षणापर्यंत कमान उभी असते, माणसं उभी असतात, ओरडून ओरडून घसे बसवतात. मला दया नको आहे. नव्वद मिनिटं म्हणालात, तर एक्क्याण्णवाव्या मिनिटाला मला खुशाल गाडीत घाला, मी मुकाट्याने बसेन. पण एकोणनव्वदाव्या मिनिटाला पाणी, कोन आणि मेडल जागेवर हवं. फीसुद्धा आम्ही तेवढीच भरलेली असते.

तेव्हा स्वयंसेवकांनो, ‘वा आजी, कमाल आहे’ म्हणून टाळ्या वाजवल्या नाहीत तरी चालेल (मी आजी नाही, हेही सांगून ठेवते). पाचव्या आणि आठव्या किलोमीटरच्या टेबलांवर दोन-दोन जार वेगळे झाकून ठेवा आणि पुढचे सगळे जाईपर्यंत ते उघडू नका. कोन शेवटच्या गाडीच्या मागे उचला, पुढे नाही. आठव्या किलोमीटरला पावणेआठपर्यंत थांबायला चार जण हवेत. त्यांना गरम पोहे तिथेच पोचवायचं मी बघते. दाराशी वही ठेवली आहे, जाताना नाव आणि मोबाइल नंबर लिहून जा.