गाऊट टाळायचा तर ताटातून काय कमी करावे?

श्रोतेहो, नमस्कार.

रात्री निजताना पाय अगदी ठीक असतो आणि पहाटे अंगठ्याच्या मुळाशी असा ठणका लागतो की पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. गाऊटचा पहिला झटका पुष्कळदा असाच येतो. रक्तातील युरिक ॲसिड दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर दीर्घकाळ राहिले, तर त्याचे सुईसारखे स्फटिक सांध्यात साचू शकतात आणि सांधा लाल होऊन सुजतो.

तपासणीत हा आकडा वाढलेला दिसला की आपल्याकडे प्रथम बंद होतात त्या डाळी आणि पालक. हे मला मनापासून खटकते, कारण शाकाहारी माणसाच्या जेवणातील प्रथिनांचा मुख्य आधारच त्यामुळे जातो. अमेरिकेत ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा आहार १२ वर्षे अभ्यासला गेला. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत मांस आणि मासळी अधिक खाणाऱ्यांना गाऊटचा धोका अधिक आढळला, प्युरिन, म्हणजे शरीरात ज्याचे युरिक ॲसिड बनते तो घटक, असलेल्या भाज्यांमुळे तो वाढलेला दिसला नाही, आणि दूधदुभते घेणाऱ्यांत तो कमी होता. तेव्हा वरण खुशाल खावे आणि जेवणात साय काढलेल्या दुधाचे ताक असावे.

आवर घालायचा तो कलेजी, गुर्दे, मटण, तारली, कोळंबी आणि सुकट यांना. कोकण-गोव्यातल्या माणसाला मासळी सोडा असे मी सांगणार नाही, परंतु हे पदार्थ रोज नकोत. दारू, विशेषतः बिअर, युरिक ॲसिड वाढवते आणि मूत्रपिंडांवाटे त्याचा निचराही अडवते. साखर घातलेली शीतपेये निरुपद्रवी समजून मुलांच्याही हाती दिली जातात, पण त्यांतील फ्रुक्टोजचे विघटन होताना यकृतात युरिक ॲसिडच तयार होते.

वजन उतरवावे, पण सावकाश. कडक उपासांनी, त्यातही निर्जळी उपासांनी, युरिक ॲसिड उलट चढते आणि झटका येऊ शकतो. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे डॉक्टरांनी बंधन घातले नसेल, तर दिवसभर भरपूर पाणी प्यावे.

रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही हा आकडा वाढतो. त्या परस्पर बंद न करता डॉक्टरांशी बोलावे. केवळ पथ्याने युरिक ॲसिड सहसा थोडेच उतरते, म्हणून वर्षातून दोन किंवा अधिक झटके येणाऱ्यांनी वेदनाशामकांवर वेळ न काढता, ते ६ मिलिग्रॅमच्या खाली ठेवणारे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमित घ्यावे.