लेकरू चुकलं की आधी हे विचारा

रामराम मंडळी! मागच्या उन्हाळ्यात आमच्या घरी, परभणीला, ताकावरून लय मोठं भांडण झालं. भाची ५ वर्षांची, तिचा दादा ९ चा, दोघांना ताक सारखंच, पण तिला बुटक्या वाटीत अन् त्याला उंच ग्लासात, झालं, रडारड सुरू, "दादाला जास्त दिलं!" मग मी तिच्यासमोरच वाटीतलं ताक तसल्याच उंच ग्लासात ओतलं तर बाईसाहेब एकदम खूश, म्हणे आता झालं सारखं. एक थेंब वाढला नव्हता हो! आजी म्हणली, येडं लेकरू.

येडं नाही ओ. झां पियाजे नावाचा स्वित्झर्लंडचा माणूस, जन्म १८९६ चा, तरुणपणी पॅरिसमध्ये मुलांच्या बुद्धीच्या चाचण्यांवर काम करायचा, तिथं त्याच्या लक्षात आलं की एका वयाची लेकरं बऱ्याचदा एकाच पद्धतीनं चुकतात. मग बरोबर किती आले ते मोजायचं सोडून तो चुकांच्याच मागं लागला. त्याचं म्हणणं, साधारण ७ वर्षांपर्यंत लेकरू एकाच गोष्टीला धरून बसतं, उंची दिसली की उंचीच, रुंदीचा हिशोब त्यात येतच नाही. म्हणून तिथं लेक्चर देऊन उपयोग नाही, तिलाच इकडून तिकडं ओतू द्या, सांडलं तर सांडलं.

आता दादाची वही बघा. ४२ वजा १७, उत्तर ३५. आपण काय म्हणतो, लक्ष नाही, मोबाईल बघतो. अरे पण त्यानं ७ मधून २ काढले, ४ मधून १ काढला, म्हणजे मोठ्यातून छोटा काढायचा असा नियमच बनवलाय की त्यानं, अन् तो पूर्ण इमानदारीनं पाळलाय. त्यालाच म्हणलं, ४२ रुपये आहेत, १७ ची बिस्किटं घेतली, तर तोंडी लगेच, "१० गेले ३२, ७ गेले २५, त्यात काय मावशी?"

मग विचारायचं काय? "कसं काढलंस सांग." बस. पण "नक्की का? परत बघ" हे जरा जपून. १९७४ साली सुसान रोझ अन् मॅरियन ब्लँक यांनी पहिलीतल्या मुलांवर पियाजेसारखाच प्रयोग केला, वस्तूंच्या दोन ओळी, एक ओळ पसरवायची अन् विचारायचं, दोन्हीत वस्तू सारख्याच आहेत का? पियाजे हाच प्रश्न आधी अन् नंतर, दोनदा विचारायचा. यांनी काही मुलांना एकदाच विचारला तर चुका कमी झाल्या! मोठं माणूस परत विचारतंय म्हणजे आपलं चुकलंच असणार, असं लेकराला वाटतं, आपण शाळेत हेच करायचो ना, सरांनी डोळे वटारले की बरोबर उत्तरही खोडायचो.

आता दादाला बरोबर उत्तरालाही विचारते, कसं काढलं? परवा वैतागून म्हणला, मावशी तुला येत नाही का?