कापडात न उरणारा द्रव

(दृश्य: हँगरवरची रेयॉनची कुर्ती, कॅमेरा लेबलवर)

मऊ, गार, अंगावर छान पडणारी कुर्ती. लेबलवर लिहिलंय ‘विस्कोस’, म्हणजे एक प्रकारचं रेयॉन. मूळ वस्तू मात्र लाकूड! लाकडाचा हा असा धागा व्हायला एक द्रव लागतो, कार्बन डायसल्फाइड.

कार्बन डायऑक्साइड सगळ्यांच्या ओळखीचा. मधे कार्बन, दोन्ही बाजूंना ऑक्सिजन. आवर्त सारणीत ऑक्सिजनच्या खालच्या घरात गंधक आहे. ऑक्सिजनच्या दोन्ही जागी गंधक आलं, तरी रेणू सरळ रेषेतच राहतो. पण वायूऐवजी मिळतो पाण्यापेक्षा जड द्रव. तो 46 अंश सेल्सिअसला उकळतो. त्याच्या वाफेला पेटायला ठिणगीही लागत नाही, शंभरेक अंशांना तापलेली नळी पुरते. म्हणून तो पाण्याच्या थराखाली साठवतात. जर्मनीतल्या फ्रायबर्गमध्ये रसायनशास्त्रज्ञ लाम्पाडिउस यांना तो 1796 साली, पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) आणि ओला कोळसा तापवताना सापडला.

(दृश्य: भांड्यातला नारिंगी लगदा)

लाकडाचा लगदा आधी कॉस्टिक सोड्यात भिजवायचा. त्यात हा द्रव मिसळला की लगदा हळूहळू नारिंगी होतो. मग पातळ सोड्यात विरघळवला की मधासारखा दाट पाक. तो बारीक छिद्रांतून गंधकाम्लाच्या टाकीत सोडला की तिथल्या तिथे धागा धरतो, आणि कार्बन डायसल्फाइड सुटून निघून जातो. इंग्लंडमध्ये क्रॉस, बेव्हन आणि बीडल यांनी 1892 साली शोधलेली ही रीत. आपल्याकडे कल्याणजवळच्या शहाडला रेयॉनचं सूत याच रीतीने निघत आलंय.

सुटलेली ही वाफ हवेपेक्षा जड. बंदोबस्त नसेल तर ती खोलीतच साचते आणि कामगाराच्या छातीत जाते.

हे नवं नव्हतं. रबराच्या कारखान्यांत हाच द्रव वापरत. पॅरिसचे डॉक्टर देलपेश यांनी 1856 सालीच तिथल्या कामगारांची डोकेदुखी, विसराळूपणा, हातापायांतली अशक्तता नोंदवली होती. इंग्लंडमध्ये डॉक्टर थॉमस ऑलिव्हर यांनी 1902 साली लिहिलं, की भ्रमात कुणी उडी मारू नये म्हणून खिडक्यांना गज बसवले होते. गज बसवले, हवा मात्र तीच! रेयॉन कामगारांमध्ये हृदयविकाराचे मृत्यू जास्त आहेत, हे ब्रिटनमध्ये 1968 साली अभ्यासाने दाखवलं. तोवर रेयॉन जगभर विकलं जात होतं.

(दृश्य: पांढऱ्या धाग्याची रिळं)

हा धागा लायोसेलचा. लाकूड तेच, पण द्रावक वेगळं. ते जवळजवळ सगळं परत गोळा करून पुन्हा वापरतात. त्यात कार्बन डायसल्फाइड लागतच नाही.