बोलीचा आकडा आधी ठरलेला असावा

(दृश्य: पडदाभर एक जुना फिल्म कॅमेरा. कोपऱ्यात उलटं धावणारं घड्याळ.)

लिलाव संपायला दोन मिनिटं उरली आहेत. कॅमेरा जुना आहे, पण शटर चालतं, लेन्सला बुरशी नाही. बोली १८० डॉलरवर. कोणीतरी १८५ केली. लगेच सूचना आली: तुमच्यापेक्षा चढी बोली लागली आहे. बोट पुन्हा बटणाकडे जातं. १९०. १९५. आणि मग एकदम २१०.

एवढ्या वेळात कॅमेरा काही बदललेला नाही. बोली लावणारा मात्र इरेला पेटलाय. मघाशी तो कॅमेरा घ्यायला आला होता. आता त्याला समोरच्या अनोळखी माणसाला हरवायचंय. ऑनलाइन लिलावात पैसे उगाच जातात ते बरेचदा याच मिनिटांत. म्हणून किती द्यायचं, हे त्याच्या खूप आधी, डोकं थंड असताना ठरवायला हवं.

(दृश्य: जुना संगणक, काळ्या अक्षरांचं साधं पान.)

पिएर ओमिड्यार यांनी १९९५ च्या सप्टेंबरमध्ये लिलावाचं एक संकेतस्थळ सुरू केलं. तेच पुढे ईबे झालं. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू होती बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. हा चालत नाही हे ठाऊक आहे ना, असं ओमिड्यार यांनी घेणाऱ्याला विचारलं. तो म्हणाला, मी बिघडलेलेच पॉइंटर जमवतो.

त्याच्यासाठी ती किंमत योग्यच होती. तुमच्यासाठी ती असेलच असं नाही. समोरचा कशापायी बोली चढवतोय हे आपल्याला दिसत नाही. त्याच्या संग्रहात नेमका तेवढा एक नग कमी असेल. तेव्हा त्याच्या आकड्याच्या मागे जाण्यात अर्थ नाही.

मग आकडा काढायचा कसा? विक्रेते किती मागतात ते पाहू नका; मागायला कोणी काहीही मागेल. पाहायचे ते झालेले सौदे. बऱ्याच संकेतस्थळांवर विकल्या गेलेल्या वस्तू वेगळ्या पाहता येतात. त्याच अवस्थेतले पाच-सहा नग शेवटी कितीला गेले ते लिहून काढा. आणि तीच वस्तू बोलीशिवाय, थेट विकत कुठे मिळते का, तेही शोधा.

हे शेवटचं काम सोपं आहे, तरी राहून जातं. यंग हान ली आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी ईबेवरच्या एका बोर्ड गेमचे लिलाव तपासले. तोच खेळ त्याच संकेतस्थळावर ठरावीक किमतीला सतत उपलब्ध होता. तरीही ४२ टक्के लिलावांत शेवटची बोली त्या किमतीच्या वर गेली.

(दृश्य: नाण्यांनी भरलेली काचेची बरणी.)

आता जरा या बरणीपाशी थांबू. १९८३ मध्ये मॅक्स बेझरमन आणि विल्यम सॅम्युएलसन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांसमोर बरण्या ठेवल्या. प्रत्येकीतल्या ऐवजाचं मोल होतं ८ डॉलर, पण ते त्यांना माहीत नव्हतं. विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज आला ५.१३ डॉलर, म्हणजे बरेच जण कमीच धरत होते. तरी जिंकणारी बोली सरासरी १०.०१ डॉलरची निघाली. कारण लिलाव सरासरी अंदाजाला मिळत नाही, ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला त्याला मिळतो. याला विजेत्याचा शाप म्हणतात. बोली लावणारे जितके जास्त, तितका हा धोका मोठा. वस्तूची खरी अवस्था फोटोवरून नीट कळत नसेल, तर आपल्या अंदाजातून थोडं कापूनच आकडा धरावा. माझ्या मते गर्दीच्या लिलावात याइतकी उपयोगी सवय दुसरी नाही.

आकड्यात घरपोच येण्याचा खर्चही आलाच. तंजीम हुसेन आणि जॉन मॉर्गन यांनी सीडी आणि व्हिडिओ गेम दोन तऱ्हांनी लिलावात ठेवले: एकदा सुरुवात ४ डॉलरपासून, पाठवणी फुकट, एकदा सुरुवात एका सेंटपासून, पाठवणी ३.९९ डॉलर. हिशेब सारखाच. पण सेंटपासून सुरू झालेल्या लिलावांनी एकूण जास्त पैसे मिळवून दिले. पाठवणी, कर, लिलावगृहाचं शुल्क हे सगळं आधी वजा करा. उरेल ती तुमची बोली.

(दृश्य: बोलीच्या चौकटीत एकच आकडा भरला जातो.)

ती एकदाच भरायची. ईबेसारख्या ठिकाणी तुम्ही कमाल आकडा देता आणि यंत्रणा तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली चढवते. समजा तुमची कमाल ३००, दुसऱ्याची २२०, आणि बोली दर वेळी किमान अडीच डॉलरच्या टप्प्याने चढते. तुम्ही २२२.५० देता. याच्याशी जवळचं नातं असलेलं गणित विल्यम विक्री या अर्थशास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडलं होतं. १९९६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. द्यावं लागतं ते दुसऱ्याच्या आकड्यावरून ठरतं, म्हणून मनातला खरा आकडा सांगितल्याने इथे नुकसान होत नाही.

फक्त तो फार लवकर सांगू नये. लवकर लागलेली बोली पाहून दुसरे पेटतात, आणि विक्रेत्याचाच कोणी साथीदार खोट्या बोल्या लावून तुम्हाला कमाल आकड्यापर्यंत ढकलू शकतो. तसं करण्यावर बंदी असते, तरी लोक करतात. वेळ ठरलेली असेल तिथे शेवटच्या काही सेकंदांत बोली लावणं यामुळेच रूढ झालं. उशिरा आलेल्या बोलीने लिलाव लांबत असेल, तर त्या घाईचा फारसा फायदा नाही.

आकडा भरण्याआधी स्वतःला एक विचारा: वस्तू याहून एकाच टप्प्याने वर गेली, तर हळहळ वाटेल का? वाटणार असेल तर आकडा आत्ताच वाढवा. नसेल, तर आकडा भरा आणि पान बंद करा. नग हातचा गेला तर तो कितीला गेला ते आपल्या यादीत लिहा आणि शोध जतन करून ठेवा; दुर्मिळ वस्तू सोडली, तर तसाच दुसरा नग बहुधा पुन्हा लिलावात येतो.