सहा बाय चार

(शुक्रवार, रात्री साडेनऊ. कोल्हापुरातल्या मंगल कार्यालयाचं मागचं दार. टेम्पो रिव्हर्स घेतोय.)

सोमवारी इथं लग्न आहे. शनिवार-रविवार हॉल मोकळा होता म्हणून वॉरगेमिंगच्या मेळाव्याला मिळाला, तोही आचाऱ्यासकट. टेम्पोतून उतरतायत त्या प्लायवूडच्या फळ्या. आठ मोठ्या, सोळा लहान. सैन्यं उद्या सकाळी येतील. सांगलीहून, इचलकरंजीहून, बेळगावहून, एसटीत मांडीवर धरलेल्या पेट्यांतून. एकेक शिपाई 28 मिलिमीटरचा, हातानं रंगवलेला, स्पंजच्या खाचेत निजवलेला.

मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे टेबलावरची लढाई. बुद्धिबळासारखी घरं इथं नसतात. शिपाई किती चालला ते टेपनं इंचांत मोजायचं, बाण लागला की हुकला ते फाशांवर सोडायचं. ह्यातलं निम्मं आपल्या पोरांना दिवाळीतच येतं: मातीचा किल्ला, अळिवाचं गवत, कुंभाराकडचे मावळे. फक्त दिवाळीच्या किल्ल्यावर मावळा दरवाज्यापेक्षा उंच असला तरी खपून जातं. इथं त्याला त्या दरवाज्यातून आत शिरायचं असतं.

(जवळून: प्लायवर पेन्सिलची रेघ.)

ह्या फळीचं गणित बघा. बाजारात प्लायची शीट मिळते 8 बाय 4 फुटांची. खेळाला हवी 6 बाय 4. सुताराकडून दोन फूट कापून घेतले की 2 बाय 4 चा तुकडा उरतो. तो मधोमध कापला की दोन फुटी दोन चौकोन. 15 मिलिमीटरच्या सैन्यांचा लहान डाव अशा एका चौकोनावर आरामात मावतो. आठ शीटांत वाया गेला तो फक्त भुसा.

रुंदी चारच फूट का? हातामुळं. समोरासमोर उभे राहिलेले दोघं वाकून जेमतेम दोन-सव्वादोन फूट पोचतात. टेबल पाच फुटी केलं तर मधल्या शिपायाला हात लावायच्या नादात शर्टाची बाही अर्धी पलटण आडवी करते.

खाली आहेत कार्यालयाचीच पंगतीची टेबलं, 6 बाय 2 ची, दोन-दोन जोडून. खालून सगळीकडं आधार असल्यानं 6 मिलिमीटरची पातळ प्लायसुद्धा झोळ खात नाही. एक टेबल मात्र डुगडुगतंय. प्रत्येक कार्यालयात तसलं एक असतंच. कोपऱ्यात पडलेली लग्नपत्रिका चौघडी करून पायाखाली सरकवली. कुणाची होती ते बघितलं नाही.

नवखा माणूस हॉल ठरवताना टेबलं मोजतो आणि माणसं विसरतो. पाठीला पाठ लावून दोघं वाकणार, त्यांच्यामधून तिसरा चहा घेऊन जाणार. म्हणून दोन टेबलांत 4 फूट, भिंतीकडं 3 फूट. चार-चारच्या दोन रांगा लावल्या की 34 बाय 22 फूट जागा गेली. शिवाय मेळावा जानेवारीत. एप्रिलमध्ये पंखे लावावे लागतात, आणि पंख्याखाली पुठ्ठ्याचं गाव उडून शेजारच्या टेबलावर जातं.

(टेबल क्रमांक तीन. काथ्याचं पायपुसणं, कात्री.)

गाव पुठ्ठ्याचं, कारण थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 पासून बंदी आहे. शेतं मात्र बघण्यासारखी. काथ्याचं पायपुसणं कापून त्याचे पट्टे चिकटवले की ऊस तयार. काथ्या इंचभर, शिपाईही जवळपास तेवढाच. "एवढासा ऊस?" मांडणाऱ्यालाच कुणीतरी विचारलं. "खोडवा हाय म्हणा की," तो म्हणाला.

(शनिवार, सकाळ. भिंतीवर चिकटवलेला कागद. सोळा नावं.)

सोळा खेळाडू. बाद फेरीनं खेळवलं तर दुपारी बारालाच आठ जण रिकामे. बेळगावहून पेटी घेऊन आलेल्या माणसानं पुढं दीड दिवस काय रंकाळ्यावर बसायचं? म्हणून स्विस पद्धत. 1895 मध्ये झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ती पहिल्यांदा वापरली, म्हणून हे नाव. हरलेला घरी जात नाही. पुढच्या फेरीत जिंकलेल्याची गाठ जिंकलेल्याशी, हरलेल्याची हरलेल्याशी. खासबागेच्या गावात हे समजावून सांगावं लागत नाही. कुस्तीच्या मैदानात जोड लावतात, तसंच. चार फेऱ्यांत, बरोबरी झाली नाही तर, सोळांतला एकच जण अजिंक्य उरतो. एकदा भेटलेली जोडी पुन्हा लावायची नाही, आणि शक्यतो कुणालाही तेच टेबल दोनदा द्यायचं नाही. ही दुसरी अट पाळताना संयोजकाची वही खाडाखोडीनं काळी होते.

कुणी ऐनवेळी आलाच नाही तर? पंधरा म्हणजे एक जण बसून. त्यासाठी संयोजकाच्या टेबलाखाली त्याचं स्वतःचं सैन्य तयार असतं. तो खेळतो, पण त्याचं नाव गुणतक्त्यात येत नाही.

आणि वेळ. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यानं लेफ्टनंट राइसविट्सचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी घेतला, त्यात एक पाळी म्हणजे लढाईतली दोन मिनिटं. इथं उलटं आहे. लढाईतल्या दोन मिनिटांना लोक अर्धा तास लावतात. एका फेरीला अडीच तास दिलेत. सव्वादोन तास झाले की हाळी येते: "शेवटची पंधरा मिनिटं! नवी पाळी काढू नका!" सगळे मान डोलावतात. दोन टेबलांवर नवी पाळी निघते.

शनिवारी तीन फेऱ्या, रविवारी एकच. बाहेरच्यांना हे वाटप चमत्कारिक वाटलं. कारण स्वयंपाकघरात आहे. शनिवार बऱ्याच जणांचा मारुतीचा, म्हणजे मिसळ. पाऊण तासात माणूस पुन्हा टेबलाशी. रविवारी तांबडा-पांढरा. त्या जेवणानंतर अडीच तास उभं राहून मोजमाप करायला लावणं हा अत्याचार आहे, आणि रश्श्याचं बोट रंगवलेल्या घोड्याला लागलं की मैत्री तुटते. म्हणून शेवटची फेरी रविवारी दहा ते साडेबारा, मग बक्षिसं, मग जेवण.

(रविवार, दुपारी साडेतीन. सहा चौकोन एका ओळीत.)

जेवणानंतर गुण नाहीत. सहा छोटे चौकोन लांबीत जोडलेत: 12 फूट लांब, 2 फूट रुंद, दोन्ही कडेला पुठ्ठ्याचे कडे. 13 जुलै 1660, घोडखिंड. पन्हाळ्याचा वेढा रात्रीच फोडून महाराज विशाळगडाकडे निघालेत, बाजीप्रभू खिंड धरून आहेत. ह्या डावात बाजींच्या बाजूनं किती मेले ते मोजतच नाहीत. गडावर तोफ होईपर्यंत खिंडीत एक जण उभा असला की जिंकले. तोफ कोणत्या पाळीला वाजणार ते संयोजकानं चिठ्ठीत लिहून खिशात ठेवलंय. सहावीतली एक मुलगी प्रत्येक पाळीला विचारते, "काका, वाजली?" काका मान हलवतात. खिंडीत चार उरलेत. मग तीन. स्टीलच्या ताटलीत फासे पडतात आणि सगळा हॉल वळून बघतो.

नवव्या पाळीला तोफ वाजते. एक उभा असतो.

(सहा वाजून दहा मिनिटं. टेम्पो.)

चाव्या सहालाच द्यायच्या होत्या. रखवालदार मामा दारात घड्याळ बघत उभे आहेत, मांडववाले आत खुर्च्या आणतायत. फळ्या मोजल्या. मोठ्या आठ, छोट्या पंधरा. पुन्हा मोजल्या, पंधराच. टेबलांखाली, स्टेजमागं, टेम्पोत, सगळीकडं बघून झालं. शेवटी सापडली स्वयंपाकघरात. आचारी उद्याच्या लग्नाचा कांदा चिरत होता तिच्यावर. हिरवा रंग खालच्या बाजूला होता, एवढं नशीब.

"ऱ्हाऊ दे की दादा," तो मान वर न करता म्हणाला, "लई बेताची झालीया."